चावीकाका समुद्राकाठी का आले

पन्नाशी उलटल्यावर चावीकाकांनी कोरड्या, धुळीच्या गावातला आपला चांगला चालता गाळा बंद केला आणि समुद्राकाठच्या अवाढव्य शहरात बिऱ्हाड आणलं. या वयात माणूस साधी खाटेची दिशा बदलत नाही, यांनी हवाच बदलली. त्यामुळे भेटेल तो विचारायचा, "काय हो काका, इकडे कसे?" आणि काका भेटेल त्याला वेगळं उत्तर द्यायचे.

समोरच्या इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरांना ते म्हणाले, "तिकडची धूळ हो डॉक्टर. छातीत जाऊन बसते. इथली हवा कशी धुऊन वाळत घातल्यासारखी." डॉक्टरांनी सहानुभूतीने मान हलवली आणि बोलता बोलता काकांच्या दाढा बघून घेतल्या.

तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंना सांगितलं, "आमच्या हिला समुद्राचं फार वेड. म्हटलं, आयुष्यभर तिने माझं ऐकलं, आता आपण तिचं ऐकू." शिंपीणबाईंनी शिवणयंत्र थांबवून डोळ्याला पदर लावला. त्यांच्या नवऱ्याने त्यांना लग्नानंतर गच्चीवरसुद्धा नेलं नव्हतं. त्या दिवशी त्या बिचाऱ्याला जेवताना जे काही ऐकावं लागलं, त्याला जबाबदार चावीकाका.

कोपऱ्यावरच्या वाण्याला मात्र धंद्याचं कारण. "शेठ, खारं वारं म्हणजे गंज. गंज म्हणजे अडकलेली कुलपं. अडकलेलं कुलूप म्हणजे मी." वाण्याला हे कारण एकदम पटलं. धंद्याचं असलं की त्याला काहीही पटतं.

आता ज्या काकूंच्या समुद्रवेडाची कीर्ती आळीभर झाली होती, त्यांचं समुद्राबद्दलचं मत आधी ऐकून ठेवा. पहिल्या दिवशी काकांनी त्यांना हौसेने किनाऱ्यावर नेलं. काकूंनी कमरेवर हात ठेवून एकदा डावीकडून उजवीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पाणी आहे. हलतंय. चला." या गावात मिठाच्या बरणीत मिठाचा दगड होतो, टॉवेल वाळत नाहीत आणि केस काही केल्या बसत नाहीत, या तीन गोष्टींवर त्या तासभर बोलू शकायच्या, आणि बोलायच्या. तरी त्या मुकाट्याने आल्या होत्या, कारण खरं कारण फक्त त्यांना ठाऊक होतं.

खरं कारण दुसऱ्या मजल्यावर राहायचं. काकांची थोरली बहीण.

ताई म्हणजे साधं प्रकरण नव्हे. उभी हयात तिने बंदराच्या धक्क्यावर नोकरी केली. कुठली बोट कधी सुटणार, कुठल्या धक्क्याला लागणार, हे भोंग्यावरून सांगायचं काम. निवृत्त झाल्यावर भोंगा तिथेच राहिला, आवाज मात्र ती घरी घेऊन आली. तिने स्वयंपाकघरात "दूध उतू जातंय" असं स्वतःशी म्हटलं, तर खालच्या दोन घरांतून बायका गॅसकडे धावायच्या. लग्न केलं नाही, कुणाचं ऐकलं नाही, आणि आईवडील लवकर गेल्यावर धाकट्या भावाला हिनेच वाढवलं. हात धरून शाळेत पोचवलं, कान धरून धंद्याला लावलं.

गेल्या वर्षी ती न्हाणीघरात घसरून पडली. कंबर अशी धरली की उठता येईना. हाक मारायची लाज वाटली! जिच्या आवाजावर बोटी सुटत, ती बाई हाक न मारता दुपारभर फरशीवर पडून राहिली. पुढे आपली आपण भिंतीला धरून उठली आणि भावाला फोन करून गंमत म्हणून सांगितलं, "अरे, काय गारेगार वाटलं! उन्हाळ्यात रोज पडावं म्हणते."

काकांनी फोन ठेवला आणि त्या दिवशी त्यांच्या हातून एक चावी चुकीची कापली गेली. असं त्यांच्या हातून कधी होत नसे.

त्यांनी ताईला आपल्याकडे ये म्हणून सांगून पाहिलं. ती म्हणाली, "तुमच्या धुळीत मी काय भाजी आहे, वाळत घालायला?" मग कुणी तरी सोबतीला ठेव म्हणून पाहिलं. त्यावर तिचा नियम ठरलेला होता: माझी काळजी घ्यायला जो येईल, तो आल्या बसने परत जाईल. आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. एक चुलतबहीण मोठी पिशवी घेऊन आली होती, "तुझ्याजवळ राहते गं चार महिने" म्हणत. ताईने तिला चहा पाजला, पिशवी स्वतः उचलली आणि स्टँडवर नेऊन खिडकीजवळची जागा पकडून दिली.

म्हणून ही कारणांची आतषबाजी. ताईच्याच इमारतीत, जिन्याखालची खोली काकांनी दुकानासाठी भाड्याने घेतली, आणि राहायला दोन गल्ल्या पलीकडे जागा. ताईला कारण दिलं गंजाचं. तिने चष्म्यावरून पाहिलं. "गंज तर सगळ्या शहरात आहे. माझ्याच जिन्याखाली कसा सापडला?"

"भाडं कमी होतं, ताई."

"हं," ताई म्हणाली. तिच्या 'हं'मध्ये पुष्कळ जागा असायची.

काकांना हवी होती एकच वस्तू. ताईच्या घराची दुसरी चावी. पुन्हा कधी घसरली तर दार उघडून आत जाता यावं, एवढंच. ताईची चावी रोज त्यांच्या डोळ्यांसमोरून जिना उतरायची, पिशवीच्या बंदाला लटकत. चावीवर नुसती नजर पडली तरी तिचे दात काकांच्या बोटांत उतरत. मनात आणलं असतं तर चहा उकळेपर्यंत जोडीदार चावी तयार झाली असती. पण मालकाने स्वतः हातात दिल्याशिवाय चावीची नक्कल करायची नाही, हे त्यांनी धंद्याला लागताना मानलं होतं आणि पुढे कधी मोडलं नव्हतं. आणि मागावी, तर ताई विचारणार, "कशाला रे?" त्या प्रश्नाला उत्तर दिलं की खिडकीजवळची जागा.

"अहो, करून टाका गुपचूप," काकू म्हणायच्या.

"ते जमणार नाही."

"मग मागा."

"तेही जमणार नाही."

"मग माझे केस कशासाठी असे झालेत?" काकू विचारायच्या, आणि काका कानस पुसायला घ्यायचे.

काकांनी मग दुसरा मार्ग धरला. दुसरी चावी मिळत नाही ना, मग निदान ताईचं कुलूप असं मऊ चालावं की तिला कधी झटापट करावी लागू नये. एका सकाळी ते हत्यारांची पेटी घेऊन वर गेले.

इथे त्यांच्या कारागिरीतली एक गोष्ट सांगायला हवी. काकांच्या जुन्या गावात धूळ इतकी की कुलपात तेल घातलं की त्यात धूळ बसायची आणि चिखल व्हायचा. म्हणून तिकडचे कारागीर तेलाला शिवत नसत. पेन्सिलीच्या शिशाची बारीक काळी पूड फुंकून कुलपात घालायचे. त्या पुडीने कुलूप असं फिरायचं की चावीला आपण फिरलो हेही कळू नये. काकांना त्या पुडीचा भारी अभिमान. तेल घालणाऱ्या कारागिराचं नाव काढलं की ते असा चेहरा करत, जणू कुणी चहात मीठ घातलंय.

ताईचं कुलूप उघडून पाहतात तर आत तेलच तेल.

"हे काय?"

"शिवणयंत्राचं तेल," ताई म्हणाली. "खालून शिंपीणबाई देते. महिन्याला एक थेंब. इतकी वर्षं घालते, काही झालं नाही."

"झालं नाही हे तुझं नशीब," काका म्हणाले, आणि त्यांनी कुलूप पुसून, धुऊन, वाळवून, तेलाचा मागमूसही न ठेवता त्यात मापून काळी पूड भरली. तेलाची बाटलीही कचऱ्यात टाकली. शिवाय घरातला पेचकस बोथट झाला होता, तो धार लावून आणतो म्हणून खाली नेला आणि तिथेच विसरले. कुलूप लोण्यासारखं फिरलं. ताईसुद्धा 'हं' म्हणाली नाही.

त्या यशाने काकांना चेव आला. त्यांनी हौसेने डॉक्टरांच्या दवाखान्याचं कुलूप केलं, शिंपीणबाईंच्या शटरचं केलं, वाण्याच्या कोठीचं केलं. वाऱ्याला मात्र काकांच्या अभिमानाचं काही देणंघेणं नव्हतं. ते आपलं रोज समुद्रावरून यायचं, ओलं आणि खारट, आणि भोक दिसेल तिथे शिरायचं. तेल असतं तर त्याने त्याला अडवलं असतं. कोरडी पूड काय अडवणार? तीच ओली होऊन खारवली आणि आतल्या लोखंडाला गंज लावत बसली. डॉक्टरांचं कुलूप कुरकुरायला लागलं, वाण्याचं अडखळायला लागलं. काका दोघांनाही म्हणाले, "चावी दाबून फिरवता तुम्ही. हलक्या हाताने फिरवा."

आणि एका सकाळी ताईचं दार बंद झालं ते बंदच झालं.

ती कपडे करून, पिशवी घेऊन नेहमीसारखी धक्क्यावर चक्कर मारायला निघाली होती. आतून चावी घातली, ती अर्धी फिरली आणि रुतून बसली. पुढे जाईना, मागे येईना, बाहेरही निघेना. ताईने एकदा दाराकडे बघितलं, छाती भरून श्वास घेतला आणि हाक मारली:

"धाकट्या!"

जिन्याखाली काकांच्या हातातली कानस पडली. ते धापा टाकत वर पोचले तेव्हा त्यांच्यामागे अर्धी इमारत होती. एका माणसासाठी मारलेली हाक असली तरी ताईचा आवाज जाईल तिथवर जाणारच. शिंपीणबाई गळ्यात टेप घालून, वाणी हातातलं माप तसंच घेऊन, आणि डॉक्टर तोंडावरची पट्टी खाली ओढून. त्यांचा कुणी तरी रोगी तिकडे आ करून बसला असणार.

"ताई! पडलीस का?" काकांचा आवाज चिरकला.

"पडायला काय झालंय? दार अडकलंय. तुझं लोणी गोठलं."

काकांचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच तोंड उतरलं. त्यांनी बाहेरच्या भोकात वाकून पाहिलं, हुंगलं, बोटाने चाचपलं. बोटाला काळा-तांबडा चिखल लागला. धुळीच्या गावातसुद्धा असला चिखल त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"ताई, आतून चार स्क्रू काढता येतील. पेचकस आहे?"

"आहे ना. तुझ्या दुकानात."

मागे कुणी तरी खुदकन हसलं. त्या काकू होत्या. डबा घेऊन दुकानात आल्या होत्या, त्या हाकेबरोबर वर आल्या होत्या.

"मग भोक पाडून कुलूप काढतो."

"माझ्या दाराला भोक पाडलंस तर तुझ्या कानाला पाडीन. दुसरं सांग."

दुसरं एकच होतं. काका घसा खाकरून, कुणाकडेच न बघता म्हणाले, "शिंपीणबाई, ते... तुमच्या यंत्राचं तेल मिळेल का जरा?"

"काय म्हणालास?" आतून आवाज आला. ऐकू आलं होतं, पुन्हा ऐकायचं होतं.

"तेल, ताई."

"हं."

शिंपीणबाई तेलाची चोचदार डबी घेऊन आल्या. काकांनी भोकात धार सोडली. आता मुरेपर्यंत थांबायचं, अधूनमधून हलक्या हाताने ठोकायचं, पुन्हा थांबायचं. आणि थांबलेल्या माणसांच्या घोळक्यात तोंडं कधी थांबतात?

डॉक्टर म्हणाले, "पण काका, तुम्हाला धुळीचा त्रास ना छातीला? मग ही काळी पूड तोंडाने कशी काय फुंकता?"

"छातीचा?" शिंपीणबाईंनी भुवया उंचावल्या. "अहो डॉक्टर, काकूंना समुद्राचं वेड म्हणून आलेत ते! मी आमच्या ह्यांना किती सुनावलं त्यापायी."

"मला?" काकू म्हणाल्या. "समुद्राचं? मला?"

"छे, छे," वाणी म्हणाला, "हे धंद्यासाठी आलेत. गंजासाठी. मला स्वतः सांगितलंय."

"गंज मलाही सांगितला होता," दारामागून भोंगा वाजला. "आणि गंज कशाशी खातात हेच त्याला माहीत नाही, हे आत्ता कळलं."

काका कुलपात डोकं खुपसून बसले. कुलपाच्या भोकात माणसाला शिरता येत नाही, याचं त्यांना त्या क्षणी फार वाईट वाटलं.

"वहिनी," ताईने बोलावलं. "तुला समुद्र आवडतो का गं?"

"वन्सं, खरं सांगू? मला तो अंगावर आल्यासारखा वाटतो."

"त्याची छाती?"

"ठणठणीत. घोरतात कसे, ऐकायला या."

आतून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ताई दाराशी येऊन बसली. बोलली तेव्हा भोंगा नव्हता. इतक्या हळू आवाजात ताईला बोलताना इमारतीने पहिल्यांदाच ऐकलं.

"धाकट्या, छाती नाही, समुद्र नाही, गंज तर नाहीच नाही. मग आलास कशाला?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी डबा या हातातून त्या हातात घेतला आणि हनुवटीने दाराकडे खूण केली: सांगा. काकांच्या मनात आलं, आत्ता सांगितलं तरी ती लगेच स्टँडवर नेऊ शकत नाही, मध्ये कुलूप आहे. कुलपाचा असाही उपयोग असतो हे त्यांना नव्यानेच कळलं.

"तू पडलीस ना ताई," ते दाराला म्हणाले, "आणि मला फोनवर हसत हसत सांगितलंस. मला हसू आलं नाही. तू हाक मारली नाहीस, याचंच मला... तुझी हाक आणि तूच मारली नाहीस. म्हटलं, आपण हाकेच्या अंतरावर असावं. मारायची नसली तर नको मारूस. पण असावं."

वाण्याने हातातलं माप उगीच दुसऱ्या हाताने पुसलं. काकांनी, काही तरी करायला हवं म्हणून, कुलपावर बोटाने टकटक केली, आणि आत काही तरी सुटल्याचा बारीक आवाज झाला. चावी फिरली. ती आतून ताईने फिरवली होती.

दार उघडलं. ताई समोर उभी होती. खांद्याला पिशवी, पायात चपला, नाक थोडं लाल. तिने आधी गर्दीवर नजर फिरवली. गर्दी निम्मी झाली. मग भावाकडे पाहिलं. त्याच्या कपाळाला, नाकाला, कानाला काळी पूड, आणि डोळ्यांखाली ती पूड जरा ओली झालेली.

"माझा नियम ठाऊक आहे ना तुला?" ताई म्हणाली.

"आहे."

"आल्या बसने."

"हो, ताई."

काकूंचा चेहरा क्षणभर उजळला. मिठाची बरणी, टॉवेल, केस. मग नवऱ्याकडे लक्ष गेलं आणि तो उजेड त्यांनी स्वतःच मालवला.

ताई दाराच्या चौकटीला हात टेकून उभी राहिली. "तुला परत पाठवणारच होते मी. पण आत बसल्या बसल्या विचार केला. हा माणूस तिकडे जाऊन काय सांगणार? बहिणीला घरात कोंडून आलो? आणि इथे मोकळा सोडावा, तर महिन्याभरात अख्खं शहर दाराआड जाईल. डॉक्टर, तुमचं कुलूप?"

"कुरकुरतंय," डॉक्टर म्हणाले.

"शेठ?"

"अडखळतंय."

"ऐकलंस? तुला इथल्या हवेतलं काही कळत नाही. तुझ्यावर कुणी तरी लक्ष ठेवायला हवं. लहानपणी सवय होती, आता पुन्हा लावून घेते." तिने तळहात पुढे केला. "चावी दे."

काका गोंधळले. "तुझी? ती तर दारातच..."

"माझी कशाला? तुझ्या घराची. सकाळी धक्क्यावरून येताना मी तुझ्याकडून होऊन येत जाईन. उठलास का, काय करतोस, कुणाला कोंडतोस, सगळं बघायला नको? आणि मी दार वाजवत उभी राहणार नाही, सांगून ठेवते."

काका तिच्याकडे बघत राहिले. त्यांना हवी होती दुसरीच चावी, आणि मिळत होतं ते त्याहून जास्त. रोज सकाळी ताई चालत, बोलत, खणखणीत, त्यांच्या घरात येणार. आणि ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी त्यांना लगेच कळणार. हे ताईलाही कळलं होतं. तिला कळलंय हे काकांना कळलं. दोघांनीही ते तोंडाने म्हटलं नाही. तेवढं शहाणपण त्या घराण्यात आहे.

त्यांनी खिशातून जुडगा काढला आणि घराची चावी सोडवून तिच्या तळहातावर ठेवली.

"तेलकट आहे का?" ताईने विचारलं.

"कोरडी आहे."

"मग आधी तिकडचं कुलूप नीट कर," ती म्हणाली आणि जिना उतरायला लागली. खाली पोचेपर्यंत तिचा भोंगा परत आला होता. रस्त्यावर जो भेटेल त्याला ती सांगत होती, "माझ्या भावाला मीच बोलावून घेतलंय इकडे. तिकडे त्याचं काही खरं नव्हतं." चावीकाकांच्या स्थलांतराचं आणखी एक कारण त्या दिवशी आळीत रुजू झालं, आणि तेच टिकलं. काकांनी ते कधी खोडून काढलं नाही. उलट कुणी विचारलं तर ते गरिबासारखा चेहरा करून म्हणतात, "ताईने बोलावलं. नाही म्हणायची सोय आहे का?"

आळीतली सगळी कुलपं त्यांनी पुन्हा उघडली, धुतली आणि फुकटात तेल घालून दिली. आता हत्यारांच्या पेटीत शिंपीणबाईंसारखीच चोचदार डबी असते. शिंपीणबाईंच्या नवऱ्याने एकदा बायकोला किनाऱ्यावर नेलं म्हणतात. परत आल्यावर दोघं दोन दिवस बोलत नव्हती, पण ती वेगळी हकीकत.

ताई रोज येते. टॉवेल कुठे वाळत घालावा, मीठ कसं ठेवावं, केसांना काय लावावं, हे सगळं तिने काकूंना शिकवलं. काकूंना ते सगळं ऐकावं लागतं आणि, काय सांगावं, बरंचसं उपयोगीही पडतं. "डोंगरात जागा बघा आता," असं त्या अधूनमधून नवऱ्याला म्हणतात, पण ताईच्या कपात चहा ओतता ओतता.

आणि काका? सकाळ झाली की ते वर्तमानपत्र घेऊन दाराकडे पाठ करून बसतात. वाट बघतोय असं दिसायला नको. ताईला जरा उशीर झाला की पान उलटत नाही, ओळ पुढे सरकत नाही, मान मात्र हळूहळू दाराकडे वळायला लागते. मग बाहेरून चावी भोकात शिरते, अलगद फिरते, आणि काका घाईघाईने पेपरात तोंड घालतात.

"उलटा धरलाय," काकू हळूच म्हणतात. "सरळ करा. आल्या."